झडीच्या दिवसांतले सभागृह : प्रकल्प नोंदी

१० जून

नाशिकच्या इंदिरानगर भागातील आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक सभागृह आहे. वार्षिक सभा, एखादे बारसे आणि गणपतीचे दहा दिवस सोडले तर ते कुलूपबंदच असते. या पावसाळ्यात ते रोज संध्याकाळी पाच ते साडेसात या वेळेत मुलांसाठी उघडावे, असे काही पालकांनी आणि आजी-आजोबांनी मिळून ठरवले असून त्या कामाच्या नोंदी मी या वहीत ठेवणार आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी हे काम हाती घेतले, तर त्यांना सगळे पहिल्यापासून शोधत बसावे लागू नये, एवढाच नोंदींचा हेतू आहे.

नाशिक शहरातला पाऊस इगतपुरी-त्र्यंबकसारखा कोसळणारा नव्हे. घाटमाथ्यावर ढग बरेचसे रिते होऊनच पूर्वेकडे येतात, त्यामुळे मोजमापाने शहरात पाऊस कमी. पण जुलै-ऑगस्टमध्ये एकदा झड लागली की बारीक रिपरिप दिवसचे दिवस थांबत नाही. मोठी सर येऊन गेली तर मुले तासाभरात पुन्हा खाली उतरतात. झडीत मात्र मैदानात चिखल, पार्किंगची फरशी निसरडी आणि घरात दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे अशी स्थिती आठवडाभर राहते, आणि मग मुलाच्या हाती मोबाईल देण्यावाचून आई-वडिलांना दुसरे काही सुचत नाही. त्यात त्यांना बोल लावण्यासारखे काही नाही. ज्या घरात दोघेही संध्याकाळी सातला कामावरून परततात, तिथे दुसरी काही सोय असावी लागते, आणि ती सोय शेजाऱ्यांनी करायची असते.

कामाची दिशा आजच ठरली. एका दिवसात संपणारा खेळ झडीच्या पहिल्या दिवशी पुरतो. तिसऱ्या दिवशी तोच खेळ मुलांना नको होतो आणि मोठ्यांना रोज नवे काहीतरी शोधत बसावे लागते. म्हणून सभागृहात जे सुरू होईल, ते शक्यतो त्याच दिवशी पुरे होऊ नये. काहीतरी वाळत असावे, काहीतरी उगवत असावे, काहीतरी मोजायचे बाकी असावे. मुलांचे मन रमवण्यासाठी रोज नवी करमणूक लागत नाही, कालचे अर्धवट राहिलेले काम लागते, अशी माझी ठाम समजूत आहे आणि या चार महिन्यांत तिचा कस लागेल.

साहित्य सगळे घराघरांतून आले आहे. जुनी वर्तमानपत्रे, पाठकोरे कागद, रिकाम्या बाटल्या, पुठ्ठ्याची खोकी, सुतळी, खडू, जुनी चादर आणि एक घमेले. विकत काहीही आणलेले नाही.

१६ जून

पहिले काम पर्जन्यमापकाचे. पावसामुळे अडकून पडलेल्या मुलांनी पाऊसच मोजावा, हे मला सर्वांत योग्य वाटले.

कृती सविस्तर लिहितो, कारण यात बारकावे आहेत. बाजू सरळ असलेली, मध्ये निमुळती न होणारी प्लास्टिकची बाटली घ्यावी. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून त्याच बाटलीत नरसाळ्यासारखा बसवावा. कापण्याचे काम मोठ्यांनीच करावे आणि कडेला चिकटपट्टी लावावी. बाटलीचा तळ खाचाखाचांचा असतो, म्हणून तळाशी खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी ओतावे आणि त्या पातळीवर शून्याची रेघ मारावी. तिथून वर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी लावून ती पारदर्शक चिकटपट्टीने पूर्ण झाकावी. नरसाळ्याचे तोंड आणि बाटलीचा घेर एकच असल्यामुळे जेवढे मिलिमीटर पाणी चढेल तेवढाच पाऊस पडला असे सरळ वाचता येते, वेगळे गणित करावे लागत नाही.

बाटली गच्चीवर, टाकीच्या आणि कठड्याच्या आडोशापासून दूर, विटांच्या मधोमध घट्ट बसवली आहे. भारतीय हवामान विभाग २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतो, म्हणून आमचीही वेळ तीच ठेवली. मुले शाळेला गेलेली असली तर गच्चीवर जाणारे आजोबा आकडा लिहून ठेवतात आणि बाटली पुन्हा शून्यावर आणतात. संध्याकाळी मुले तो आकडा भिंतीवरच्या कागदावर उभ्या पट्टीने रंगवतात. त्याच कागदावर विभागाच्या श्रेणींच्या रेघा आधीच मारून ठेवल्या आहेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की तो ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’. बातम्यांत ऐकलेल्या शब्दांना किती उंचीचे पाणी म्हणतात, हे आता मुलांना बोटाने दाखवता येते.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. ही गोष्ट सांगितल्यावर मोठ्या मुलांनी आपण होऊन गच्चीचे माप विचारले. गच्ची १०० चौरस मीटर धरली आणि पाऊस २० मिलिमीटर धरला, तर २,००० लिटर होतात, म्हणजे हजार लिटरच्या दोन टाक्या. हे पाणी जाते कुठे, असा पुढचा प्रश्न सहावीतल्या मुलाने विचारला. त्याचे उत्तर मी मुद्दाम दिलेले नाही. ते पाइपांचा माग काढत उद्या त्यांनीच शोधायचे आहे.

२३ जून

तळमजल्यावरच्या आजींनी सागरगोट्यांची चंची आणली. या पिढीतल्या बहुतेक मुलांनी सागरगोटा हातात धरलेला नव्हता. राखाडी, गुळगुळीत, काचेच्या गोटीसारखे टणक असे हे बी फरशीवर जोराने घासले की चांगले तापते, आणि ते शेजाऱ्याच्या दंडाला टेकवण्याची खोडी आजींनी खेळाच्याही आधी शिकवली. त्यानंतर सगळे सभागृह दहा मिनिटे नुसते घासत होते. खेळ दिसायला सोपा आहे. एक सागरगोटा वर उडवायचा, तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि दोन्ही त्याच हातात झेलायचे. पुढच्या फेरीत दोन, मग तीन. पण पसरलेल्यांपैकी नेमके हवे तेवढे उचलताना शेजारचा हलता कामा नये, आणि तिथेच भले भले अडतात.

“अगं, हाताकडे बघू नकोस, वर बघ. खालचं बोटांना कळतं,” असे आजी चौथीतल्या मुलीला सांगत होत्या. ती मुलगी आज दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचली आणि पाच सागरगोटे घरी नेऊ का, म्हणून विचारून गेली.

दुसऱ्या कोपऱ्यात चिंचोक्यांचे काम चालू आहे. चल्लस-आठसाठी चार चिंचोके लागतात, प्रत्येकाची एक बाजू फरशीवर घासून पांढरी करावी लागते, आणि हे घासणे कंटाळवाणे असूनही मुले ते फार मन लावून करतात. पट खडूने फरशीवर आखला आहे, पाच घरे रुंद आणि पाच घरे उंच, चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि केंद्रात फुली. जितके चिंचोके पांढरे पडतील तितकी घरे चालायची आणि चारही काळे पडले तर आठ. सातवी-आठवीतल्या मुलांना वेगळे काम दिले आहे. खेळताना पडलेल्या प्रत्येक दानाची रेघ ते कागदावर ओढतात. चिंचोका दोन्ही बाजूंनी सारख्याच सहजतेने पडतो असे धरले, तर चार चिंचोक्यांच्या १६ मांडण्या होतात. त्यांपैकी ६ मांडण्यांत दोन पडतात, एक आणि तीन प्रत्येकी ४ मांडण्यांत, आणि चार किंवा आठ प्रत्येकी फक्त १ मांडणीत. चार आणि आठ पडल्यावर आणखी एक डाव देण्याची रीत का पडली असावी, हे रेघांचा ढीग बघून मुलांच्या आपोआप लक्षात येऊ लागले आहे.

सावधगिरीची एक नोंद. बालवाडीच्या वयाची मुले चिंचोके नाकात किंवा तोंडात घालतात, आणि ते ओल्याने फुगल्यावर काढणे अवघड होते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या चटईवर कोणतेही बी, मणी किंवा गोटी जाणार नाही. त्यांच्यासाठी आगपेटीच्या रिकाम्या डब्या आणि मोठी झाकणे ठेवली आहेत.

१ जुलै

मुखवट्यांचे काम सुरू झाले. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात आणि शेजारच्या जव्हार-मोखाडा भागात उन्हाळ्यात बोहाडा होतो. सांबळाच्या तालावर मुखवटे घातलेली सोंगे रात्र रात्र नाचतात. कागदाच्या लगद्याचे आणि लाकडाचे ते मुखवटे तिथल्या कारागिरांच्या घराण्यांतून शिकत आलेले काम आहे. बोहाड्यातले देवांचे मुखवटे पूजेचे असतात, म्हणून खेळ म्हणून त्यांची नक्कल करणे मला योग्य वाटले नाही. आम्ही प्राणी आणि पक्षी निवडले: वाघ, घुबड, म्हैस, बेडूक.

खळ आम्हीच शिजवतो. आधी मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवावा आणि मग तो उकळत्या पाण्यात सतत ढवळत ओतावा. थेट गरम पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या होतात. रंग दुधाळ जाऊन किंचित पारदर्शक झाला की गॅस बंद करावा. पूर्वी खळीला बुरशी लागू नये म्हणून मोरचूद घालत असत, परंतु ते विषारी असल्याने मुलांच्या कामात अजिबात वापरू नये. पावसाळी हवेत साधी खळ दुसऱ्या दिवशीच वास मारू लागते, म्हणून त्या दिवसापुरती वाटीभरच करावी.

फुगवलेल्या फुग्याच्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्राच्या फाडलेल्या पट्ट्या खळीत बुडवून चिकटवायच्या. कात्रीने कापलेल्या पट्टीची कड उठून दिसते, फाडलेली कड मिसळून जाते. एका दिवशी दोनच थर द्यायचे आणि दोरीवर टांगायचे. उन्हाळ्यात एका दुपारी वाळणारे दोन थर या हवेत पंख्याखालीसुद्धा तीन दिवस घेतात, आणि या कामासाठी हा वेळखाऊपणा मला हवाच आहे. मुले आल्या आल्या पहिल्यांदा आपापल्या मुखवट्याला बोट लावून ओल गेली की नाही ते बघतात.

९ जुलै

झड लागली आहे. कालपासून शाळेतून येणारी मुले बसायला तयार नाहीत.

बसून करण्याची कामे कितीही चांगली असली तरी धावण्याची भूक त्यांनी भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी, आणि तिच्याच २०१९ च्या मार्गदर्शनानुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसून जाणारा वेळ दिवसाला १ तासापेक्षा जास्त असू नये. मैदान बंद असताना हालचालीचा तास कुठून काढायचा, हा खरा प्रश्न आहे. ओल्या पायांनी गुळगुळीत फरशीवर पकडापकडी खेळू देणे धोक्याचे, आणि लंगडीही नको.

उत्तर आजींकडेच होते. मंगळागौरीचे खेळ मुळात घरात, माजघराच्या जागेत खेळायचेच आहेत. फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, गाठोडे: यांतला प्रत्येक खेळ चार पावलांच्या जागेत माणसाला घामाघूम करतो. बसफुगडीत तर मांड्या दोन मिनिटांत भरून येतात. श्रावणाची वाट न पाहता आम्ही ते आजपासूनच सुरू केले. पहिल्यांदा मुलगे भिंतीला टेकून उभे राहिले. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्यातल्या दांडग्या दोघांना बसफुगडी घालायला बोलावले, आणि ते दहाच्या आत खाली बसले. त्यानंतर कुणालाही बोलवावे लागले नाही. खेळाआधी फरशी कोरड्या फडक्याने पुसायची, पायांत मोजे नकोत, आणि उभ्या फुगडीत हातांची पकड मनगटाला असावी, नुसत्या बोटांना नको, हे तीन नियम फळ्यावर लिहिले आहेत.

पहिली वीस मिनिटे दमवणूक आणि मग बसायची कामे, हा क्रम यापुढे कायम राहील. दोघांतला फरक आजच दिसला. दमून बसलेल्या मुलांनी मुखवट्यांचा एक थर भांडण न करता पुरा केला.

१७ जुलै

वीज गेली. दोन टॉर्च आणि जुनी चादर यांवर दीड तास निघाला.

चादर दोरीवर ताणून बांधली आणि मागे टॉर्च एका खोक्यावर स्थिर ठेवला. हातांचे हरीण, कुत्रा, कोंबडा झाल्यावर मुलांनी पुठ्ठ्याच्या आकृत्या कापून झाडूच्या काड्यांना बांधल्या. आकृती टॉर्चजवळ नेली की सावली मोठी पण पुसट होते आणि चादरीजवळ आणली की लहान आणि रेखीव. हे एकदा हाताला कळल्यावर त्यांनी बेडकाचा राक्षस करण्याचा प्रसंग आपोआप रचला. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून कथा सांगतात, हे त्यांना सांगितले. चामडे अर्धपारदर्शक करून रंगवतात म्हणून तिथली सावली रंगीत पडते, हे ऐकताच एका मुलीने चॉकलेटचा रंगीत चकचकीत कागद आणला आणि बेडकाच्या डोळ्याच्या भोकावर चिकटवला. पडद्यावर हिरवा डोळा उमटला तेव्हा सगळे एकदम गप्प झाले आणि लगेच सगळ्यांना तसाच कागद हवा झाला.

गोष्ट अर्ध्यावर थांबली आहे. बेडूक धरणाच्या भिंतीवर चढला, एवढ्यावर वीज आली. पुढचा भाग कोण लिहिणार यावर दोन तट पडले असून दोघेही उद्या आपापला शेवट लिहून आणणार आहेत.

२१ जुलै

सावल्यांवरून चित्रपटाकडे जाणे सोपे होते, आणि नाशिकमध्ये हा विषय दूरचा नाही. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा, पुढे त्यांची चित्रसंस्था नाशिकला होती, आणि १९४४ साली त्यांचे निधनही नाशिकलाच झाले. त्यांचे स्मारक पांडवलेणीच्या पायथ्याशी, आमच्यापासून जवळच आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सर्वांना माहीत असतो. पण आम्हाला उपयोगी पडला तो त्याआधीचा एक लहानसा प्रयोग. १९१२ साली फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून, समोर कॅमेरा ठेवून, महिनाभर त्याच्या वाढीचे चित्रण केले आणि त्यातून मिनिटभराचा ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. खोलीत बसून, वाट बघत, एका रोपाकडून शिकण्याची ही रीत होती.

आम्ही तेच कागदावर करणार आहोत: रोजची चित्रे एकत्र बांधून, पाने भरभर उलटून बघायचे पुस्तक. प्रत्येक गटाकडे एक काचेचा ग्लास, आत गोल गुंडाळलेला टिपकागद, आणि काच व कागद यांच्या फटीत रात्रभर भिजवलेला वाटाणा. असा लावल्याने मूळ मातीत दडत नाही, रोज दिसते. पाणी तळाशी बोटभरच ठेवावे. कागद वर चढवतो तेवढी ओल पुरते, आणि जास्त पाणी झाले की दमट हवेत वाटाणा कुजतो. रोज संध्याकाळी त्याच वेळी, त्याच बाजूने, सारख्या मापाच्या जाड कागदावर चित्र काढायचे. ग्लास ठेवण्याची जागा खडूने आखली आहे आणि कागदाच्या खालच्या कडेपासून ग्लासाच्या तळाचे अंतर ठरलेले आहे, नाहीतर पाने उलटताना चित्र उड्या मारते.

गणित आधीच करून घेतले. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे फिरत. म्हणजे मिनिटभरासाठी ९६० चित्रे लागतील, आणि आपण रोज एक काढले तर महिन्याचे काम दोन सेकंदांत सरकून जाईल. हा हिशेब ऐकून मुलांचा उत्साह मावळेल अशी एका पालकांना शंका होती. उलट झाले. सकाळी शाळेला जाण्यापूर्वीही एक चित्र काढू, मग चार सेकंद होतील, असे मुलांनीच सुचवले, आणि सकाळच्या पाळ्या लावूनही टाकल्या.

५ ऑगस्ट

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदावरीला पाणी चढले. सकाळपासून घराघरांत एकच चौकशी: पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले? रामकुंडाजवळची ही मूर्ती नाशिककरांची पूर मोजण्याची पट्टीच आहे. पायाला, कमरेला, छातीला पाणी लागले, या शब्दांत शहर पुराबद्दल बोलते. मुलांना पूर बघायला जायचे होते, परंतु घाटावर गर्दी आणि निसरडे असताना लहान मुलांना तिथे नेऊ नये यावर आम्ही सर्व ठाम राहिलो. त्याऐवजी पूर सभागृहात आणला.

घमेल्यात माती आणि विटांचे तुकडे लावून पात्र केले, मध्ये एका मुलाने साबणाच्या वडीतून कोरलेला मारुती उभा केला आणि त्याच्यावर पाय, कमर, छाती, गळा अशा खुणा केल्या. वरच्या टोकाला झाकणाची फळी म्हणजे धरण. फळी एकदम उचलली तर काय होते आणि थोडी थोडी उचलली तर काय होते, हे त्यांनी आळीपाळीने करून पाहिले. बातम्यांत विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर, म्हणजे आमच्या सफाईच्या लहान बादल्यांपैकी दोन. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला अशा दोन हजार बादल्या, हे ऐकल्यावर आठवीतल्या मुलाने घमेल्याकडे पाहिले आणि धरणाची फळी अगदी हळू उचलली.

मग फरशीवर नदी काढली. गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर; सभागृहाची फरशी एक फुटाची. ५० किलोमीटरला एक फरशी धरली तर २९ फरशांहून थोडी अधिक लागते, आणि सभागृहाच्या लांबीत ती वळणे घेत बसते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून निघून नाशिक लिहायची वेळ आली तेव्हा पहिली फरशीसुद्धा संपली नव्हती. “आपलं गाव एवढंच पुढे?” असे तिसरीतल्या मुलीने दोनदा विचारले. नांदूर मधमेश्वर, पैठणचे जायकवाडी, नांदेड, मग तेलंगण, राजमहेंद्री आणि बंगालचा उपसागर. आज घाटावर चढलेले पाणी अजून किती फरशा चालायचे आहे, हे ती मुलगी गुडघ्यांवर रांगत, एकेक फरशी मोजत बघत गेली. नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असून हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी येतात, म्हणून त्या फरशीवर मुलांनी बदके काढली आहेत. नदी पुसायची नाही, असे ठरले आहे. झाडलोट करणाऱ्या मावशींनाही ते सांगितले असून त्यांनी समुद्राच्या टोकाला एक होडी काढून दिली.

१३ ऑगस्ट

साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचे डास वाढतात आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा असतो. हे काम मुलांच्या पथकाकडे दिले. कुंड्यांखालच्या ताटल्या, जिन्यातले रिकामे डबे, बंद कूलर. त्यांनी घरोघर जाऊन पाणी ओतायला लावले. आमचा पर्जन्यमापक रोज रिता होतो आणि तळाचे पाणीही बदलले जाते. तो तपासून पथकाने त्याच्यावर ‘ठीक’ असा शेरा मारला.

वाटाण्याचे कोंब खिडकीकडे झुकले आहेत. ढगाळ दिवसांत उजेड एकाच बाजूने येतो म्हणून असे होते. एका गटाने ग्लास फिरवून ठेवला, दुसऱ्याने मुद्दाम नाही. दोन्ही पुस्तके वेगळी होतील.

२८ ऑगस्ट

पुस्तके बांधून झाली. कागदांची कड सारखी करून डावीकडे दोन भोके पाडली आणि सुतळीने आवळले. अंगठ्याने पाने सोडली की वाटाणा फुटतो, मूळ खाली सरसरत जाते, कोंब वाकतो आणि एकदम सरळ होतो. न फिरवलेल्या ग्लासातला कोंब शेवटच्या पानांत खिडकीकडे धावतो. मुले एकमेकांच्या कानाशी पुस्तक धरून पानांचा आवाजही ऐकत होती. पहिल्या दिवशी ज्याने “यात काय बघायचं” म्हणून ग्लास बाजूला सारला होता, त्याने आज प्रत्येक गटाचे पुस्तक मागून घेऊन पाहिले आणि आपल्या गटाच्या पानांत दोन दिवसांच्या सुट्टीची उडी कुठे आहे, ते न मोजता ओळखले.

गणपती जवळ आल्यामुळे सभागृह काही दिवस मंडळाकडे जाईल. फरशीवरची नदी मांडवाखाली येते, म्हणून मुलांनी तिची नक्कल जोडलेल्या वर्तमानपत्रांवर उतरवून घेतली आहे. शाडूच्या मूर्तीचे काम याच हवेत करायचे असल्याने ज्यांना घरी करायची आहे, त्यांनी मूर्ती जाड न करता आतून पोकळ ठेवावी आणि थेट पंख्याखाली न ठेवता सावलीत वाळू द्यावी. ओल असमान गेली की तडे जातात.

२० सप्टेंबर

मुखवटे रंगवून पूर्ण झाले. बेडकाची गोष्ट दोन्ही तटांचे शेवट एकत्र करून मुखवट्यांसह सादर झाली आणि पालकांना बसायला खुर्च्या कमी पडल्या.

सामानाची व्यवस्था अशी. मुखवटे कोरड्या पिठाच्या रिकाम्या डब्यांत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवले आहेत. सागरगोटे आणि चिंचोके काचेच्या बरणीत, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर. पावसाचा तक्ता, कागदी नदी आणि वाटाण्याची पुस्तके गुंडाळून प्लास्टिकमध्ये. पर्जन्यमापक मात्र गच्चीवरच राहील, कारण परतीचा पाऊस अजून यायचा आहे. साडेआठची नोंद सातवीतली मुलगी आणि आजोबा मिळून घेतील. पुढच्या जूनमध्ये काम सुरू करणाऱ्यांनी वर्तमानपत्रे मे महिन्यापासूनच कोरडी साठवावीत आणि आजींना दोन आठवडे आधी सांगावे. नवे सागरगोटे त्या कोकणातून मागवून देणार आहेत. कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच आहे.